नावाने निकाल देऊ नये : मराठी चित्रपटांच्या शीर्षकांविषयी

नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीचं नाव होतं 'न पटणारी गोष्ट'. प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली तिच्यावर दोन भाषांत चित्रपट काढला. हिंदीत त्याला 'दुनिया न माने' म्हटलं, मराठीत 'कुंकू'. दिग्दर्शक तेच व्ही. शांताराम, नीरा तीच शांता आपटे, म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत तेच केशवराव दाते. गोष्ट एकच, नावं तीन.

कादंबरीचं नाव तक्रार करतं. हिंदी नाव तीच तक्रार जगावर टाकतं. मराठी नाव कुणाबद्दलच काही बोलत नाही. ते फक्त एक वस्तू पुढे ठेवतं. करंड्यातली, चिमूटभर, रोज सकाळी आरशासमोर हात आपोआप जिच्याकडे जातो अशी. बापाच्या वयाच्या माणसाशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी ते लग्न मानायला साफ नकार देते, अशी ती गोष्ट. थिएटरात शिरताना प्रेक्षक बायांच्या कपाळावर जे होतं, त्याचंच नाव बाहेर पाटीवर लिहिलेलं होतं. चित्रपट पाहून घरी गेल्यावर त्या वस्तूकडे आदल्या दिवसासारखं पाहणं अवघड गेलं असणार. 'न पटणारी गोष्ट' या नावात ही ताकद नाही, कारण गोष्ट पटण्यासारखी नाही हे त्याने आधीच सांगून टाकलं आहे. प्रेक्षकाला ठरवण्यासारखं काही उरतच नाही.

मराठी चित्रपटांच्या नावांवर हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते या तीन नावांमुळे. काही नावं पन्नास-साठ वर्षांनीही तोंडात राहतात आणि काही मागच्या वर्षीची असून आठवत नाहीत, हे का होतं, याचा शोध पुढच्या प्रकरणांत आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : जे नाव निकाल देऊन मोकळं होतं ते विसरलं जातं. जे नाव एखादी वस्तू, एखादी हाक, एखादं अर्धं वाक्य हातात ठेवतं आणि बाकीचं काम चित्रपटाकडे सोपवतं, ते टिकतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो दमदार आहे. चित्रपट चालला की नाव चालतं, नावात काय ठेवलंय? 'संत तुकाराम' या नावात कल्पकता शून्य. दामले-फत्तेलालांचा हा १९३६चा चित्रपट विष्णुपंत पागनीसांमुळे आठवतो, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला म्हणून आठवतो. हे मान्य. पण उलट बाजूही पाहू. डॉ. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा 'सामना' हा मराठीतल्या उत्तम चित्रपटांपैकी एक. निळू फुल्यांचा हिंदुराव आणि डॉ. लागूंचा मास्तर यांच्याबद्दल लोक आजही भरभरून बोलतात. पण चित्रपटाची आठवण काढताना त्यांच्या तोंडी येतं ते मारुती कांबळेचं नाव आणि त्याचं काय झालं हा प्रश्न. 'सामना' हे नाव कुस्तीवरच्या चित्रपटाला शोभलं असतं, क्रिकेटवरच्यालाही शोभलं असतं. आत इतका धारदार प्रश्न असताना बाहेर इतकं सर्वसाधारण नाव. म्हणून लोकांनी आपल्यापुरतं ते बदलून घेतलं. चित्रपट थोर असला तरी नाव आपोआप थोर होत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

'कुंकू'नंतर पंचेचाळीस वर्षांनी तसाच तीन नावांचा प्रवास पुन्हा झाला. शांता निसळ यांची कादंबरी 'बेघर'. तिच्यावरून डॉ. जब्बार पटेलांनी १९८२ साली काढलेला चित्रपट 'उंबरठा', आणि त्याची हिंदी आवृत्ती 'सुबह'. स्मिता पाटीलने उभी केलेली सुलभा महाजन घर-संसार असताना महिलाश्रमाची नोकरी पत्करते, परत येते, आणि शेवटी पुन्हा बाहेर पडते. 'बेघर' हे नाव तिच्या वाट्याला काय आलं ते सांगतं. 'सुबह' तिला आशीर्वाद देतं. दोन्ही नावं सुलभाच्या बाजूची आहेत, तरी दोन्ही तिच्या निर्णयावर शेरा मारून जातात. 'उंबरठा' मात्र घरातला लाकडाचा किंवा दगडाचा तुकडा आहे. तो ओलांडून सून आत येते, तोच ओलांडून ती बाहेर जाते. जाणारी बरोबर की चूक, हे त्याला ठाऊक नाही. सुलभाच्या वागण्यावर त्या काळी घराघरांत वाद झाले. त्या वादाला पुरेल एवढी जागा या एका शब्दाने मोकळी ठेवली होती.

नाव बदलायला लावणाऱ्यांना नावाची किंमत निर्मात्यांइतकीच कळते, कधी कधी जास्तच. ब्रिटिश अमदानीतली दोन उदाहरणं मराठी चित्रपटाच्या इतिहासात ठळक आहेत आणि दोन्ही प्रभातची आहेत. १९३० साली शांतारामांनी शिवाजीमहाराजांवर मूकपट केला, स्वतः महाराजांची भूमिका केली. मूळ नावात 'स्वराज्य' आणि 'तोरण' हे शब्द होते. साल मिठाच्या सत्याग्रहाचं. सेन्सॉरला 'स्वराज्य' खपलं नाही आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने लागला. मूळ नावात तोरणा किल्ला होता, दारावरचं तोरण होतं, आणि रस्त्यावर ज्या शब्दासाठी लोक लाठ्या खात होते तो शब्द होता. 'उदयकाल' कुठल्याही राजाचा असू शकतो.

दुसरं उदाहरण १९३५चं. एकनाथांच्या जीवनावरच्या चित्रपटात बालगंधर्व नायक, आणि नाव ठेवलं होतं 'महात्मा'. अस्पृश्याच्या घरी जेवणारे एकनाथ आणि त्याच सुमारास अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरलेले गांधी, हे दोघे त्या एका शब्दात शेजारी उभे राहत होते. सेन्सॉरने ते अचूक ओळखलं. नाव 'धर्मात्मा' झालं. एकच पद बदललं, पण त्याबरोबर चित्रपटाचा आपल्या काळाशी असलेला धागा तुटला. 'धर्मात्मा' हे कुठल्याही सज्जन माणसाला लावता येणारं विशेषण आहे, म्हणजेच निकाल आहे. 'महात्मा' हा त्या वर्षी निकाल नव्हता. तो एका जिवंत माणसाकडे दाखवलेला हात होता. या दोन नावांविषयी मी पुढे स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. नाव म्हणजे नुसती पाटी नव्हे, हे ज्यांना पटत नाही त्यांनी आधी ते वाचावं.

आता आवाजाकडे येऊ. कारण चित्रपटाचं नाव आधी कानाला लागतं, मग डोळ्यांना. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९चा. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो शंभराहून जास्त आठवडे चालला. या नावातला 'सांगत्ये' मुद्दाम मोठ्याने म्हणून पाहावा. 'सांगते ऐका' म्हटलं की शाळेतल्या बाई बोलतात. त्या एका 'य'मुळे बाई बदलते, गाव बदलतं. तमाशाच्या बोर्डावर पदर खोचून उभी राहिलेली, समोरच्या शेकडो पुरुषांना गप्प बसवणारी बाई ऐकू येते. काय सांगते आहे ते नावात नाही. ती सांगणार आहे आणि आपण ऐकायचं आहे, एवढा करार त्या दोन शब्दांत होतो.

या नावाचं पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या मराठी शीर्षकाच्या वाट्याला आल्याचं मला आठवत नाही. चित्रपटाची नायिका हंसा वाडकर. त्यांनी आपल्या आयुष्याची कहाणी सांगितली तेव्हा पुस्तकाला हेच नाव दिलं. १९७०चं ते आत्मकथन आजही वाचताना अंगावर येतं, इतकं सरळ आहे. पडद्यावरच्या बाईचं वाक्य खऱ्या बाईने उचललं आणि स्वतःच्या नावावर करून घेतलं. त्या पुस्तकाच्या आधारे श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' केला, आणि त्यात हंसाबाईंच्या धर्तीवरची नायिका साकारली ती स्मिता पाटीलने. 'भूमिका' हे नावही विचारपूर्वक ठेवलेलं आहे. पण 'सांगत्ये ऐका'मधला तो हक्क, ती ठसकेबाज सुरुवात त्यात नाही.

अर्धं वाक्य, अर्धी म्हण ही मराठी शीर्षकांची जुनी आणि आवडती वाट. घर पाहावं बांधून हे कुणी म्हटलं की पुढचं आपोआप तोंडात येतं. मास्टर विनायकांनी १९४० साली तोच उरलेला अर्धा भाग उचलला आणि चि. वि. जोशींच्या कथेवरच्या चित्रपटाला 'लग्न पहावं करून' नाव दिलं. राजा परांजपे आणि ग. दि. माडगूळकर यांची जोडी या कामात तरबेज होती. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यांवरून त्यांनी 'पेडगावचे शहाणे' घडवलं, आणि त्याच वर्षी, १९५२ साली, 'लाखाची गोष्ट'. लाखभर रुपयांचीही गोष्ट आणि लाखमोलाचीही. असं नाव नव्याने पाठ करावं लागत नाही, ते आधीपासून आपल्याकडे असतं. चित्रपट त्यावर आपला शिक्का मारतो, आणि पुढे ती म्हण वापरताना चित्रपटही डोकावून जातो. भालजी पेंढारकरांचं 'मराठा तितुका मेळवावा' याच जातीचं, फक्त मूळ समर्थांचं.

'श्यामची आई'बद्दल थोडं थांबून सांगायला हवं. नाव साने गुरुजींच्या पुस्तकाचं. आचार्य अत्र्यांनी १९५३च्या चित्रपटासाठी ते तसंच ठेवलं, आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. सगळी गोष्ट आईची आहे, आणि नावात तिचं नाव नाही. कोकणातल्या खेड्यात बाईला ज्या नावाने हाक मारली जाई तेच हे नाव, अमक्याची आई. 'थोर माता' किंवा 'आईची माया' असं काही ठेवलं असतं तर तिची थोरवी आपल्याला पहिल्याच पानावर ऐकवली गेली असती. इथे ती आपली आपण शोधायची आहे.

दादा कोंडके हे या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण झालं आहे, आणि ते छोटं करावंसं मला वाटलं नाही. 'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम'. १९७१ ते १९७७ एवढ्या काळातली ही नावं, आणि एकही विसरलं गेलेलं नाही. 'एकटा जीव सदाशिव' नुसतं म्हटलं तरी ताल लागतो, कारण 'जीव' आणि 'शिव' एकमेकांना टाळी देतात. 'आंधळा मारतो डोळा' या तीन शब्दांत अख्खा विनोद आहे : अशक्य गोष्ट सरळ चेहऱ्याने सांगितलेली. वगनाट्यातून आलेल्या माणसाला गर्दीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा फेकायचा ते माहीत होतं. त्यांच्या पुढच्या काळातल्या द्वयर्थी नावांवर पुष्कळ टीका झाली, आणि काही नावं मलाही आवडत नाहीत. तरी त्या नावांची रचना नीट पाहावी. दुसरा अर्थ दादांनी कुठेच लिहिलेला नसतो. तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुरा होतो.

महेश कोठारे यांचा नेम वेगळा, पाच अक्षरांचा. धूमधडाका, दे दणादण, थरथराट, धडाकेबाज, झपाटलेला, माझा छकुला, पछाडलेला, जबरदस्त. बोटांवर मोजून पाहा, प्रत्येक वेळी पाच. यात श्रद्धेचा भाग असेल, पण कानाचाही आहे. ध, थ, झ, ड, ण ही ठोक्याची अक्षरं इतकी दाटीने आली की नाव ढोलासारखं वाजतं, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात रिक्षावरच्या लाउडस्पीकरमधून गल्लोगल्ली नाव पुकारलं जात असताना याचा मोठाच उपयोग होता. यातलं 'झपाटलेला' मला सर्वांत वरचं वाटतं. 'थरथराट' प्रेक्षकाला काय व्हावं ते सांगतं; 'झपाटलेला' म्हटलं की लगेच प्रश्न पडतो, कोण? कशाने?

१९९१च्या 'माहेरची साडी'ने मराठी शीर्षकांचं एक युग सुरू केलं आणि ते लवकरच दमलं. अलका कुबल यांच्या त्या चित्रपटाने खेड्यापाड्यांतून बायकांना थिएटरात आणलं, आणि नाव त्या बायकांच्या आयुष्यातून थेट उचललेलं होतं. साडी ही वस्तू आहे, माहेर ही जागा आहे, आणि दोन्ही जोडल्यावर मधलं अंतर आपोआप दिसतं. मग हळद, कुंकू, चुडा, सासर, लेक, सून, धनी या आठ-दहा शब्दांची आलटून पालटून फिरवाफिरव सुरू झाली. त्याच वर्षी 'हळद रुसली कुंकू हसलं' आला. १९३७च्या नावात कुंकू एकटं होतं आणि गप्प होतं. इथे हळदीने रुसायचं, कुंकवाने हसायचं, म्हणजे प्रेक्षकाने कधी रडायचं आणि कधी डोळे पुसायचे ते नावानेच लावून दिलं. अशी नावं एकेकटी वाईट नसतात. पण ओळीने दहा आली की कुठलं नाव कोणत्या चित्रपटाचं, ते सांगता येत नाही, आणि नावाचं मुख्य काम तर तेच.

'श्वास'ने २००४ साली दिशा बदलली. त्यानंतर एका शब्दाची नावं आली : वळू, टिंग्या, जोगवा, विहीर, देऊळ, किल्ला, नाळ. ही सगळी मला प्रिय आहेत, कारण बहुतेक नावं डोळ्यांना दिसणारी आहेत. एका शब्दाचा पुढे सुळसुळाट झाला आणि भाववाचक नामांनी पाट्या भरल्या, तो भाग मी थोडक्यात आटोपला आहे. वेगळं उठून दिसतं ते सतीश मनवर यांचं 'गाभ्रीचा पाऊस'. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने आभाळाला घातलेली शिवी, आणि तरी तो येईल म्हणून वाट पाहणं. दोन्ही एका दमात.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चं नाव महाराष्ट्रात २०१४ साली पाट्यांवर लागलं तेव्हा बहुसंख्य लोकांना त्याचा अर्थच माहीत नव्हता. कैकाडी भाषेत डुकराला म्हणतात ते हे नाव. अनोळखी शब्द ठेवू नये, असा या धंद्यातला सल्ला असतो; इथे नेमक्या त्या अनोळखीपणानेच काम केलं. तिकिटाच्या खिडकीशी उभं राहून माणूस सहज म्हणतो, दोन 'फँड्री'ची. आत गेल्यावर त्याला कळतं की नायकाला, जब्याला, गाव याच शब्दाने डिवचतं. जो शब्द आपण बेसावधपणे उच्चारला तो दुसऱ्याच्या अंगावर कसा पडतो, हे दीड-दोन तासांत समजतं, आणि शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो पडद्यातून आपल्याच दिशेने येतो. शीर्षकाने प्रेक्षकाला गोष्टीत असं ओढून घेतल्याचं दुसरं उदाहरण मराठीत नसावं.

'सैराट'चं काम त्यामानाने सोपं होतं, आणि ते त्याने चोख केलं. वेसण नसलेला हा शब्द सोलापूर-करमाळ्याकडच्या बोलण्यातला. २०१६ नंतर तो शहरांतही वापरात आला. त्यावरून हिंदीत केलेल्या चित्रपटाला २०१८ साली 'धडक' नाव मिळालं. 'धडक' कुठल्याही प्रेमकथेला चालतं, पण 'सैराट' आर्ची-परशाच्या पलीकडे कुणाला देता येणार नाही.

परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी'वर २०१४ साली आक्षेप घेतला गेला, तो चित्रपट न पाहता. पंढरपुरातल्या एका गरीब घरातली एलिझाबेथ नावाची सायकल विकावी लागू नये म्हणून वारीच्या गर्दीत धडपडणारी मुलं, हा त्याचा विषय. एकमेकांपासून शेकडो कोस लांबचे दोन शब्द 'ए'च्या एका धाग्याने जोडलेले. ऐकताक्षणी माणूस थबकतो. काहींनी थबकून राग धरला, बाकीच्यांनी तिकीट काढलं. त्याला बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

व्यवहाराची बाजूही सांगायला हवी. निर्माता आपलं शीर्षक अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा 'इम्पा'सारख्या निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवतो, म्हणजे दुसऱ्या कुणी तेच नाव घेऊन गोंधळ करू नये. कायदा त्याला याहून फारसं काही देत नाही. 'देसी बॉईज' या हिंदी चित्रपटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट सांगता येत नाही. पडद्यावर नाव दोनदा येतं. आधी सेन्सॉरच्या दाखल्यावर, भाषा आणि लांबीच्या रकान्यांशेजारी, कचेरीच्या टायपात. मग श्रेयनामावलीत, कुणीतरी हाताने रेखून काढलेलं. दोन्हींमधला फरक ज्यांनी आपल्याला शिकवला त्या कमल शेडगे यांच्या अक्षरांवर एक प्रकरण आहे. नाटकं, चित्रपट, नियतकालिकं यांची शीर्षकं त्यांनी आयुष्यभर अशी काढली की अर्थ वाचण्याआधी भाव पोहोचावा.

शेवटच्या भागात नुसती यादी आहे, आणि वाचकांनी ती वगळू नये अशी विनंती. मूकपटांच्या काळातले बहुतेक चित्रपट नष्ट झाले. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री', १९२५चा मूक 'सावकारी पाश', असे कितीतरी चित्रपट आज आपल्याला नावानेच माहीत आहेत. एखादं छायाचित्र, एखादी जाहिरात, जुन्या माणसांच्या आठवणीतला एखादा प्रसंग, आणि नाव. 'सावकारी पाश' हे दोन शब्द वाचले तर शेतकऱ्याची जमीन कशी गेली असेल याचं चित्र आजही उभं राहतं. म्हणून यादीतली नावं मी कालक्रमाने दिली आहेत, पाट्यांवर आणि जाहिरातींत जशी छापली होती त्याच शुद्धलेखनात, 'सांगत्ये'मधल्या 'य'सकट. ज्यांच्या घरी जुन्या चित्रपटांच्या जाहिराती, तिकिटं किंवा गाण्यांच्या पुस्तिका असतील त्यांनी त्या पाहाव्यात आणि यादीत राहून गेलेली नावं कळवावीत. पुढच्या आवृत्तीत ती घालता येतील.